ओनरशिप, पझेशन आणि नाव लागणं

इंग्रजीतल्या 'ओन' ह्या क्रियापदाला मराठीत प्रतिशब्द नाहीये. पटत नसेल तर 'आय ओन अ हाऊस इन डोंबिवली' ह्याचं मराठी करून बघा. 'माझं डोंबिवलीत घर आहे.' बरोबर? आता ह्यातलं क्रियापद शोधा. 'असणे'. म्हणजे इंग्रजीत मी कर्ता, घर बिचारं कर्म. मराठीत घरच कर्ता आहे, ते आपलं आपण आहे, आणि मी षष्ठी विभक्ती लावून कोपऱ्यात उभा. मी घराला काहीही करत नाहीये!

बरं, ही षष्ठीसुद्धा सगळीकडे चालत नाही. भाऊ 'मला' असतात, गाडी 'माझ्याकडे' असते (ती मित्राची असली तरी चालतं, आज माझ्याकडे आहे एवढंच), सुटे पैसे 'माझ्याजवळ' असतात आणि मुलं 'पदरी' असतात. 'बाळगणे' म्हणून एक क्रियापद आहे, पण ते पोलिसांच्या बातम्यांत शस्त्र बाळगायला, नाहीतर कुत्रा किंवा अभिमान बाळगायला. फ्लॅट कोणी बाळगत नाही. (ईएमआय बघता बाळगायला हवा, पण असो.)

ऑफिसात हे क्रियापद दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. 'हू ओन्स धिस मोड्यूल?' इथे कोणाच्या बापाची मालकी नसते. ज्यानं ते मोड्यूल 'अंगावर घेतलंय' तो ओनर. रात्री अडीचला सर्व्हर पडला की ज्याचा फोन वाजतो तो. मला ह्या दोन अर्थांचं कोडं वाटायचं, की मालकी आणि जबाबदारी एकाच शब्दात कशी आली? म्हणून एका शनिवारी त्या शब्दाच्या मागे लागलो, आणि फिरत फिरत थेट आमच्या बिल्डिंगच्या सातबाऱ्यापर्यंत पोचलो. ते सगळं आज लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'आगन' असं एक क्रियापद होतं. अर्थ, जवळ असणे, मालकी असणे. ह्या एका शब्दाची आज तीन पोरं आहेत. 'ओन' म्हणजे मालकी असणे हे एक. 'ओ' म्हणजे देणं लागणे हे दुसरं. आणि 'ऑट' म्हणजे करायला हवं, हे तिसरं. 'ऑट' हा मुळात 'आगन'चा भूतकाळ. आणि 'ओ' चा अर्थ बराच काळ 'मालकी असणे' असाच होता, शेक्सपिअर तो तसा वापरतो. मग हळूहळू 'माझ्याकडे आहे' पासून 'माझ्याकडे आहे पण तुला द्यायचंय' आणि तिथून नुसतं 'द्यायचंय' असा तो घसरत गेला. 'ओन' हे क्रियापद मधली तीनेकशे वर्षं जवळजवळ गायबच होतं, सतराव्या शतकात परत आलं. 'ओनर' हे नाम मात्र तेवढा काळ तग धरून होतं. म्हणजे इंग्रजांकडे मालक होते, पण मालकी करण्याचं क्रियापद वापरात नव्हतं. आपली आजची स्थिती साधारण तीच!

अजून एक गंमत. भाषाशास्त्रज्ञ 'आगन'चं नातं संस्कृतातल्या 'ईश्' धातूशी लावतात. ईश् म्हणजे सत्ता असणे, मालक असणे. त्यातूनच ईश, ईश्वर. म्हणजे ओनरशिपचा 'ओन' आणि परमेश्वरातला ईश्वर हे लांबचे चुलतभाऊ. 'पझेस'ची जात वेगळी. तो लॅटिन, त्यात 'बसणे' हा धातू आहे, सत्ता गाजवत बसणे. आपण ठाण मांडून बसणे म्हणतो ते. आणि ठाण म्हणजे स्थान, ज्यावरून स्थानक, आणि स्थानकवरून आमचं ठाणे. स्लो लोकलने डोंबिवलीहून ठाण्याला जाताना हे आठवलं की बरं वाटतं, कारण तेव्हा बसायला कधीच मिळालेलं नसतं.

मराठीत ह्या तीन पोरांचं काय होतं? 'मी त्याचे पाचशे रुपये देणं लागतो' झालं 'ओ'. 'मला जावं लागेल' हे 'ऑट'च्या जवळचं. दोन्हीकडे 'लागणे'! इंग्रजीत जी नाती एका 'आगन'ने बांधली, त्यातली दोन आपल्याकडे एका 'लागणे'ने बांधली आहेत. तिसरं, म्हणजे मालकीचं, मला लगेच सापडलं नाही. ते कुठे मिळालं ते पुढे येतंय.

आता इतिहास. मालकी म्हणजे काय हा प्रश्न ठाण्याला नवा नाही. उत्तर कोकणात शिलाहार राजांची सत्ता होती आणि ठाणे, म्हणजे श्रीस्थानक, ही त्यांची राजधानी. त्यांच्यातल्या अपरादित्य नावाच्या राजाने बाराव्या शतकात याज्ञवल्क्यस्मृतीवर मोठी टीका लिहिली. 'अपरार्क' म्हणून ती ओळखली जाते. ह्याच स्मृतीवरची जास्त प्रसिद्ध टीका म्हणजे विज्ञानेश्वराची मिताक्षरा. ती 'कल्याण'ला लिहिली गेली असं वाचून आमच्याकडचे लोक खूश होतात, पण ते कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. आपल्या वाट्याला अपरार्क आहे, आणि तो काही कमी नाही. राज्य चालवून शिवाय प्रॉपर्टी लॉवर ग्रंथ लिहिणारा दुसरा ठाणेकर मला तरी माहीत नाही.

याज्ञवल्क्याचं म्हणणं असं, की हक्क सिद्ध करायला तीन पुरावे: लिखित, भोग आणि साक्षीदार. भोग म्हणजे प्रत्यक्ष वापर, वहिवाट. आणि तुमच्या डोळ्यांदेखत दुसरा कोणी तुमची जमीन वापरतोय, तुम्ही वीस वर्षं ब्र काढला नाहीत, तर तुमचं नुकसान. आता नुकसान म्हणजे नक्की काय जातं ह्यावर टीकाकार भांडले. मिताक्षरा म्हणते हक्क जात नाही, तेवढ्या वर्षांचं उत्पन्न जातं. आजचा १९६३ चा मुदतीचा कायदा खाजगी जमिनीला बाराच वर्षं देतो, आणि नंतर हक्कच जातो. आपण जास्त घाईत आहोत.

कागद आणि भोग ही जी जोडी इथे दिसते, ती नंतर कधीच सुटली नाही. शिलाहारांनी गावं, जमिनी दान दिल्या आणि त्या दानाला हात लावणाऱ्यासाठी दगडावर शापवाणी कोरून ठेवली. ते गधेगाळ ठाणे, रायगड जिल्ह्यांत आजही सापडतात. त्यावरचं चित्र वर्णन करून सांगण्यासारखं नाही, एवढंच सांगतो की त्यात गाढव आहे आणि दान मोडणाऱ्याची आई आहे. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी ते रजिस्ट्रेशन.

पुढे शब्द अरबी-फारसीतून आले. मालक, मालकी, हक्क, कब्जा, ताबा, वतन, मिरास. सगळी नामं. क्रियापद तेव्हाही आलं नाही. मराठेशाहीतल्या गावात शेतकऱ्यांचे दोन वर्ग, मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, तो ती विकू शके, गावच्या गोतसभेत त्याला मान. उपरी बाहेरून आलेला, कसतो तोवर कसतो. डोंबिवलीत भाड्याने राहणाऱ्यांना सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुठे बसवतात ते पाहिलंत की हा फरक समजायला वेगळं पुस्तक नको.

मग इंग्रज आले. ज्यांच्या भाषेत 'ओन' होतं ते. त्यांनी मोजणी केली, सर्व्हे नंबर पाडले, नोंदी ठेवल्या. आणि शेतकऱ्याला काय म्हटलं? ओनर? छे! १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात तो 'ऑक्युपंट' आहे. सरकारला सारा भरून जमीन धरून असलेला. स्वातंत्र्यानंतर १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल कायदा आला, त्यातही तो ऑक्युपंटच, मराठीत 'भोगवटादार'. आता कुठलाही सातबारा उघडा (हल्ली महाभूलेखवर दोन मिनिटांत दिसतो). गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, मिळून सातबारा. त्यावर भोगवटादाराचं नाव असतं, भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ ते असतं, 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. अख्खा महाराष्ट्र ज्या कागदाला मालकीचा पुरावा समजतो त्या कागदावर माणसाची ओळख आहे ती भोगणारा म्हणून. याज्ञवल्क्याचा भोग, तोच.

आणि कागदावर ज्यांचं नावच नव्हतं त्यांचं काय, तेही ह्याच जिल्ह्यात घडलंय. तलासरी, उंबरगाव, डहाणू हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. (पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये.) तिथल्या वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या. लग्नासाठी थोडे पैसे कर्जाऊ घ्यायचे आणि त्या बदल्यात त्या मालकाकडे राबायचं, बायकोसकट, बहुतेक जन्मभर. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. वर मी 'ओ' आणि 'ओन' ह्यांचा उगम एक आहे असं मजेत लिहिलं. लग्नगड्याच्या बाबतीत त्यात काही मजा नव्हती. देणं लागणारा माणूस स्वतःच मालकीची वस्तू झालेला होता. जानेवारी १९४५ मध्ये किसान सभेची परिषद भरली ती टिटवाळ्याला. हो, आपलं गणपतीचं टिटवाळा, कल्याणहून तीन स्टेशनं. उंबरगावकडचे काही वारली तिथे आले होते. त्यानंतर मे महिन्यात तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले आणि वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडायची असं ठरलं. गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे ह्याच लढ्याचं पुस्तक. शाळेत आम्हाला हा धडा नव्हता. जिल्हा आमचाच असून.

ह्या नंतरचा टप्पा म्हणजे कूळकायदा. मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८, आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने आलेली तारीख, १ एप्रिल १९५७. त्या दिवशी, काही अटी-अपवाद सोडून, जमीन कसणारं कूळ हे त्या जमिनीचं खरेदीदार 'मानलं' गेलं. सही नाही, व्यवहार नाही, कायद्याने म्हटलं झालं म्हणजे झालं. इंग्रजी कायद्यात शब्द आहे 'डीम्ड', आपल्या सरकारी मराठीत 'मानीव'. हा शब्द लक्षात ठेवा. किंमत ठरायची कलम ३२ ग खाली, ती भरली की ३२ म चं प्रमाणपत्र. मग कुठे कुळाचं नाव 'इतर हक्क' ह्या रकान्यातून भोगवटादाराच्या जागी. तरी जमीन विकायची तर तेव्हा कलम ४३ ची परवानगी लागायचीच. कल्याण-डोंबिवली पट्ट्यात आगरी, कुणबी कुटुंबांकडे जमिनी आल्या त्यात ह्या तारखेचा मोठा हात आहे. आणि त्यातल्याच कित्येक जमिनींवर आज आपण राहतो.

कारण इकडे मुंबईत वेगळंच चाललं होतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. भाडेकरूंना आधार मिळाला, पण भाड्याने द्यायला चाळ बांधणं परवडेना. मग पागडी आली. आणि मग बिल्डरांनी नवीनच गोष्ट विकायला काढली: बिल्डिंग नाही, जमीन नाही, तर तिसऱ्या मजल्यावरचा एक ब्लॉक, तोही 'ओनरशिप बेसिस'वर. ह्या विक्रीत इतके गोंधळ झाले की सरकारला १९६३ मध्ये कायदा करावा लागला, ज्याच्या नावातच 'ओनरशिप फ्लॅट्स' आहे. मोफा म्हणतात तो.

इथे तो शब्द मराठीत शिरला आणि घरचाच झाला. गिरगाव, परळ, दादरच्या चाळींतून माणसं डोंबिवलीला आली ती ह्याच शब्दाच्या मागे. माझे आजोबाही त्यातलेच. 'ओनरशिपचा ब्लॉक घेतला' हे वाक्य त्यांच्या पिढीत पदवीसारखं उच्चारलं जायचं. लग्नाच्या स्थळात 'स्वतःची जागा' असा रकाना आला. ओनरशिप हे आपण नाम म्हणून घेतलं, विशेषण म्हणून घेतलं, पण 'मी ओनतो' असं कोणी म्हणालं नाही. त्याच्याच शेजारी 'पझेशन'ही आलं. 'पझेशन कधी मिळतंय?' हा प्रश्न डोंबिवलीत 'जेवलास का' इतक्या सहज विचारला जातो. वीस मिनिटं ट्रेनच्या दारात लटकून उभी असलेली माणसंसुद्धा दोन शब्दांतला फरक अचूक पाळतात. पझेशन म्हणजे किल्ली, ओनरशिप म्हणजे कागद. याज्ञवल्क्य खूश झाला असता.

पण कागद नक्की काय सांगतो? आमच्या घरातल्या कपाटात शेअर सर्टिफिकेट आहे. पन्नास रुपयांचे पाच शेअर, एकूण रुपये २५०. बिल्डिंगची मालक सोसायटी, आणि आम्ही सोसायटीचे सभासद, ठरावीक ब्लॉक वापरण्याचा हक्क असलेले. बरं, सोसायटी तरी मालक आहे का? मोफाच्या नियमांप्रमाणे सोसायटी नोंदली गेल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची. ह्याला म्हणतात कन्व्हेयन्स. आमच्या बिल्डरने ते केलंच नाही. बिल्डिंग १९८६ ची. चार महिन्यांचे किती वर्षं झाले मोजा. आणि आमचा काही अपवाद नाही, अशा सोसायट्यांची संख्या एवढी वाढली की २००८ मध्ये मोफात दुरुस्ती करून बिल्डरच्या सहीशिवाय कन्व्हेयन्स मिळण्याची सोय करावी लागली. त्याचं नाव 'डीम्ड कन्व्हेयन्स'. मराठीत 'मानीव अभिहस्तांतरण'. आला का मानीव परत? १९५७ मध्ये कुळाला जे औषध दिलं तेच पन्नास वर्षांनी फ्लॅटवाल्याला. ह्या अर्थाने ओनरशिपचा ब्लॉक घेतलेले आम्ही सगळे कूळच.

रीडेव्हलपमेंटचा विषय निघाला तेव्हा मी आमच्या प्लॉटचा सातबारा काढला. भोगवटादार म्हणून बारा नावं. मूळ शेतकऱ्याचे वारस. आमच्या सोळा कुटुंबांपैकी एकाचंही नाव त्या कागदावर नाही. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांनी ठरवलं की नोटिसा जाण्याआधी एकदा त्या घरी जाऊन बोलून यावं. मीही गेलो. वारसांतले सगळ्यात मोठे काका सत्तरीपुढचे. पाणी दिलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझ्या आजाचं नाव इतर हक्कात होतं. तिथून वर लागायला त्याचा जन्म गेला. माझ्या बापाला किंमतीचे हप्ते भरावे लागले. तुमचं पण नाव लागंल. माझी हरकत नाय. बाकीच्यांना तुम्ही विचारा."

नाव लागणं. मला हवं होतं ते तिसरं क्रियापद हे. सातबाऱ्यावर नाव लागलं, म्हणजे मालकी आली. देणं लागतो, करावं लागतं, नाव लागतं. 'ओ', 'ऑट', 'ओन'. इंग्रजांचं एक क्रियापद हजार वर्षांत फुटून तीन झाली, आपल्याकडे ती तिन्ही अजून एकाच घरात राहतात, वन रूम किचनमध्ये. फरक एवढाच की आपल्या वाक्यात नाव 'लागतं'. मी ते लावत नाही. लावणारा दुसराच कोणीतरी असतो, तलाठी, रजिस्ट्रार, कायदा.

आणि ते खोटंही लावता येतं. कल्याण-डोंबिवलीत महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती उघडकीला आल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. बिल्डर कोण, अधिकारी कोण, ह्यावर पेपरांत बरंच आलंय. मला त्यातली राहणारी माणसं दिसतात, कारण ती आमच्यासारखीच आहेत. त्यांनी नोंदणी बघितली होती, महारेराचा नंबर बघितला होता. 'कागद बघून घ्या' हा सल्ला आपण ज्यांना देतो, त्यांनी तो पाळला होता. भोग होता, लिखित होतं, शेजारीपाजारी साक्षीदार होते. याज्ञवल्क्याचे तिन्ही पुरावे हातात असून पायाखालचं लिखित बनावट निघालं. अशा घराला इंग्रजीत 'दे ओन इट' म्हणायचं की नाही? 'दे ओ' मात्र नक्की. घर पाडलं म्हणून होम लोन काही पडत नाही.

मित्राने विचारलं, मग तू घर घेताना काय बघशील? जमिनीचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मागची तीस वर्षं शोधलेला सर्च रिपोर्ट, आणि बांधकाम परवानगी बिल्डरच्या फाईलमधली नाही, तर महापालिकेच्या नोंदीशी स्वतः जाऊन ताडलेली. जुनी बिल्डिंग असेल तर कन्व्हेयन्स झालंय का आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे का. ते सुद्धा 'भोगवटा'च, बघा.

आमचा मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज ठाण्याला जिल्हा उपनिबंधकांकडे दाखल झालाय. बिल्डरला आणि बारा वारसांना नोटिसा गेल्या आहेत. आदेश मिळाला की रजिस्ट्रेशन, मग तलाठ्याकडे फेरफार, मग सातबारा. सुनावणीची पुढची तारीख महिनाअखेरीची आहे, सोमवार. मी रजा टाकलीये.